बाबांसोबत लेक, आईसोबत मुलगा: स्विमिंगच्या चेंजिंग रूममध्ये कोणी कुठे जायचं आणि कसं

लेकीला पोहायला मीच नेतो, कारण बायकोची शिफ्ट सकाळी सातला सुरू होते. लेक पाच वर्षांची असताना पहिल्या दिवशी तलावावर गेलो तर आत शिरल्या शिरल्या डावीकडे 'पुरुष' आणि उजवीकडे 'महिला' अशा दोन पाट्या, आणि मी तिचा हात धरून मधोमध उभा. महिलांच्या बाजूला मी जाऊ शकत नाही हे उघड आहे, पुरुषांच्या बाजूला डोकावलो तर एक मोठा हॉल, भिंतीला हुका, मधे बाकडी, आणि दहा-बारा माणसं टॉवेल गुंडाळून नाहीतर तेही न गुंडाळता कपडे बदलतायत. त्या दिवशी मी तिला तसाच घरी घेऊन आलो. नंतर चार वर्षं आम्ही हे सगळं नीट बसवत गेलो, माझ्या बहिणीनेही तिच्या मुलासोबत याच्या उलट बाजूने हेच सगळं केलं, त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहितोय.

सगळे पहिलं विचारतात ते, किती वर्षांपर्यंत चालतं? याला एक आकडा नाही. रेल्वेच्या लेडीज डब्यात १२ वर्षांखालचा मुलगा आईबरोबर बसू शकतो, पण तो डबा आहे, तिथे कोणी कपडे बदलत नाही, त्यामुळे तो आकडा उचलून चेंजिंग रूमला लावू नका (लोक लावतात, मी स्वतः ऐकलंय, "ट्रेनमध्ये चालतो मग इथे का नाही"). ब्रिटनमध्ये बऱ्याच स्विमिंग पूलवर ८ वर्षांची रेषा असते, आठ पूर्ण झालेल्या मुलाने आपल्या आपल्या बाजूला जायचं. जपानमध्ये सार्वजनिक स्नानगृहांत आधी साधारण १० वर्षांपर्यंत चालायचं, २०२० मध्ये तिथल्या सरकारने मार्गदर्शक सूचना बदलून ते ७ वर आणलं आणि टोकियोने २०२२ पासून नियमच केला. आपल्याकडे जो तो तलाव, क्लब, वॉटर पार्क आपापली पाटी लावतो, कुठे पाटीच नसते आणि दारावरच्या मावशी ठरवतात.

मला विचाराल तर पाच-साडेपाचपर्यंत मूल तुमच्यासोबत तुमच्या बाजूला, सहा ते आठ हा तयारीचा काळ, आणि आठच्या पुढे नाही. पण या आकड्यांपेक्षा तीन प्रश्न जास्त कामाचे आहेत. मुलाला स्वतःचे कपडे स्वतः बदलता येतात का? त्याला किंवा तिला लाज वाटायला लागलीय का? आणि आतल्या बाकीच्यांना अवघड होतंय का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं की व्यवस्था बदलायची वेळ आली, मग वय सहा असो की साडेसात.

तिसरा प्रश्न लोक विसरतात. माझा भाचा आठ वर्षांचा होईपर्यंत ताईबरोबर लेडीज रूममध्ये जायचा, ताईच्या डोळ्यांना तो बाळच होता. एक दिवस आत त्याच्या वर्गातलीच मुलगी निघाली. ती टॉवेल घट्ट धरून कोपऱ्यात गेली आणि हा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि पुढचा आठवडाभर दोघंही पोहायला आली नाहीत. ताईला कारण कळायला चार दिवस लागले. आपलं पोर आपल्याला लहानच दिसतं, पण अकरा-बारा वर्षांच्या मुली, ज्यांचं अंग नुकतं बदलायला लागलंय, त्यांच्यासाठी आठ वर्षांचा मुलगा हा मुलगा असतो. त्यांनी तक्रार करायची वाट बघू नका, त्या करत नाहीत, त्या यायच्याच बंद होतात.

पायरी १: फी भरायच्या आधी एकदा रिकाम्या हाताने जाऊन बघा

बॅच सुरू असताना जा, म्हणजे गर्दी खरी किती ते कळतं. चेंजिंग रूम हॉल आहे की दाराच्या केबिन आहेत? केबिनच्या कड्या लागतात का, आणि लागल्या तर लहान हाताने उघडतात का? शॉवर उघड्यावर आहेत का आडोशाला? फॅमिली केबिन किंवा दिव्यांगांसाठीची वेगळी खोली आहे का? महिलांच्या बाजूला अटेंडंट मावशी पूर्ण वेळ असतात की फक्त कुपन फाडायला येतात? आपल्या बाजूचं तुम्ही स्वतः बघा, दुसऱ्या बाजूचं बघायला बायको, बहीण, आई कोणाला तरी एकदा घेऊन जा आणि मोबाईलवर फोटो न काढता तोंडी सगळं विचारून घ्या.

मॅनेजरला सरळ विचारायचं: "माझ्याबरोबर सहा वर्षांची मुलगी असते, आई येऊ शकत नाही, तुमच्याकडे काय सोय आहे?" लाजू नका. हा प्रश्न त्यांना रोज येतो, आणि कधी कधी कोचची खोली, फर्स्ट एडची खोली, स्टोअरच्या बाजूचा आडोसा अशी पाटी नसलेली जागा निघते. आयांनी लेडीज बॅचबद्दल वेगळं विचारा, तिथे मुलगा किती वर्षांपर्यंत चालतो ते, कारण लेडीज बॅचमध्ये चेंजिंग रूम सोडाच, पाण्यातही मुलग्याला वयाची अट असू शकते.

पायरी २: अर्धं काम घरीच करून जा

चेंजिंग रूममध्ये जितका कमी वेळ आणि जितके कमी कपडे काढायचे तितकं सगळं सोपं. जाताना कॉश्च्यूम घरूनच घालून वर सैल फ्रॉक किंवा टी-शर्ट-बर्म्युडा, म्हणजे तलावावर वरचं उतरवलं की झालं, जातानाचा प्रश्न शून्य. (मात्र घरातून निघताना शू करून निघा, आणि कोरडी चड्डी पिशवीत टाकली का ते दोनदा बघा, घरून कॉश्च्यूम घालून निघालं की हीच विसरते.)

खरी कसरत परतीची. ओली लायक्रा अंगाला चिकटते आणि मोठ्या माणसालाही लवकर निघत नाही. म्हणून कॉश्च्यूम घेताना मागे चेन असलेला घेऊ नका, ती चेन मुलीच्या हाताला पोचत नाही आणि मग कोणीतरी मदतीला लागतंच. पुढे चेन असलेला किंवा वर टी-शर्टसारखा आणि खाली शॉर्ट्स असा दोन तुकड्यांचा घ्या. मुलग्यांचं सोपं असतं, फक्त नाडीची गाठ ओली झाली की सुटत नाही, तेव्हा इलॅस्टिकच बघा.

आता टॉवेल. गावाकडे नदीवर बाया एकमेकींना साडीचा आडोसा धरतात, पुरुष पंचा गुंडाळून आतल्या आत कपडे बदलतात, तीच युक्ती लहान मुलांसाठी शिवून घ्यायची. नेहमीचा मोठा टॉवेल ७५ बाय १५० सेंटीमीटरचा असतो. तो मधोमध दुमडा म्हणजे ७५ बाय ७५ चा चौकोन होतो. घडीच्या बरोबर मध्यावर १२ इंचांची आडवी चीर द्या, कडा दुमडून शिवा, हे गळ्याचं भोक. दोन्ही बाजूंना वरून ८ इंच हातासाठी सोडून खालपर्यंत शिवून टाका. कोपऱ्यावरचा टेलर दहा मिनिटांत करून देतो. सव्वातीन-साडेतीन फुटांच्या मुलाला हे पोटरीपर्यंत येतं, आणि मूल हात आत घेऊन त्या तंबूत ओला कॉश्च्यूम काढून कोरडी चड्डी घालू शकतं, भर हॉलमध्ये उभं राहून, अंगाचा एक इंच न दाखवता. आमचे चार उन्हाळे यावर निघाले. मूल उंच झालं की बाजूची शिलाई तशीच ठेवून खाली एक पट्टी जोडा.

आणि सराव. इथे बहुतेक जण एक चूक करतात, मीही केली. घरी कोरड्या कॉश्च्यूमवर सराव घेतला, तिला छान जमलं, आणि तलावावर ओला झाल्यावर ती अडकून रडायला लागली. सराव ओल्यानेच करायचा. रविवारी आंघोळीच्या वेळी कॉश्च्यूम घालून बादलीभर पाणी अंगावर, मग टॉवेलचा तंबू, मग खांद्यापासून गुंडाळी करत खाली सोडायचा, ओढायचा नाही. चार-पाच रविवारांत जमतं. कडी लावायचा-काढायचा सरावही घरच्या बाथरूममध्ये करून घ्या, तुम्ही बाहेर उभं राहून.

पिशवी भरताना जे आधी घालायचं ते सगळ्यात वर. चड्डी, मग बनियन, मग फ्रॉक, तळाला कंगवा. ओल्यासाठी वेगळी प्लास्टिकची थैली. पिशवी मुलानेच भरायची, म्हणजे कुठे काय आहे ते त्याला माहीत असतं.

पायरी ३: लहान मुलीला पुरुषांच्या बाजूला नेताना

हे फक्त छोट्या मुलींसाठी, वर म्हटलं तसं साधारण पाच-साडेपाचपर्यंत. केबिन असेल तर केबिन, वाट बघावी लागली तरी थांबा. नसेल तर दारापासून आणि शॉवरपासून लांबचा कोपरा पकडा, तिचं तोंड भिंतीकडे, तुमची पाठ हॉलकडे, म्हणजे तुम्ही स्वतःच तिचा पडदा झालात. आत शिरताना मोठ्याने सांगा, "दादा, सोबत लहान मुलगी आहे, दोन मिनिटं." माझा अनुभव असा की हे एक वाक्य बोललं की लोक आपणहून टॉवेल गुंडाळतात, बाकडं रिकामं करून देतात. न सांगता शिरलात तर एखादा बिचारा उघडा असतो आणि त्याला तुमच्यापेक्षा जास्त अवघड होतं.

क्रम असा: आधी तिचं, मग तुमचं. पाण्यातून आल्यावर ती थंडीने कुडकुडत असते, तिचं तीन मिनिटांत उरका, तुम्ही ओल्या चड्डीवर पंचा गुंडाळून थांबा. तुमचं बदलताना तिला एकटीला बाहेर पाठवायचं नाही, तिथेच भिंतीकडे तोंड करून पिशवी धरायला द्यायची, आणि तुम्हीही पंचाच्या आतच बदला. घर दहा मिनिटांवर असेल तर याहून चांगला उपाय म्हणजे दोघांनीही तिथे बदलायचंच नाही, तलावाबाहेरच्या शॉवरवर क्लोरीन धुवा, टॉवेलचा तंबू घाला, गाडीच्या सीटवर प्लास्टिक टाका आणि घरी येऊन गरम पाण्याने आंघोळ. पावसाळी हवेत किंवा लांब जायचं असेल तर हे करू नका.

आणि तिला जर एकदाही वाटलं की "बाबा, मला इथे नको", तर त्या दिवसापासून ती बाजू बंद. आजच्या दिवस चल असं करू नका. नको म्हटलं की बाबा ऐकतो, हे तिला इथेच कळू दे, पुढे फार कामाला येतं.

पायरी ४: मूल एकटं आत जातं तेव्हा

ही सगळ्यात अवघड पायरी आहे आणि यावरच मी जास्त लिहिणार आहे, कारण आई-बाबा इथेच अडतात आणि मग मुलगा नऊ वर्षांचा झाला तरी लेडीज रूममध्येच असतो.

आधी जागेची ओळख. मुलीला एकदा आई, आत्या, मावशी, आजी कोणासोबत तरी महिलांच्या बाजूला पाठवा, तिने स्वतः केबिन, हूक, शॉवर, बाहेरचं दार सगळं बघून घ्यायचं. मुलाला मामा-काकांसोबत तसंच. मग दोन-तीन वेळा गर्दी नसताना एकटं.

तुमची उभं राहायची जागा ठरलेली हवी, रोज तीच, दारासमोर, आतून हाक मारली तर ऐकू येईल अशी. "मी इथेच आहे" म्हटल्यावर चहा प्यायला हलायचं नाही. वेळ ठरवा, आमच्याकडे दहा मिनिटं आहे. पाच मिनिटांनी बाहेरून एक हाक, तिने आतून उत्तर द्यायचं. दोन हाकांना उत्तर आलं नाही तर मावशींना आत पाठवायचं, मावशी नसतील तर आत जाणाऱ्या कुठल्याही बाईला, "ताई, आत माझी मुलगी आहे, निळा टॉवेल, जरा बघता का?" आयांनी मुलासाठी हेच उलट, पण तिथे मी एक फरक करेन: एकट्या अनोळखी माणसाला आत पाठवण्यापेक्षा दारातून स्वतः मोठ्याने हाक मारा, "आत लहान मुलगा आहे, मी आई, दारात येऊ का?" म्हणून विचारा. पुरुष पटकन बाजूला होतात. मूल उत्तर देत नाहीये तेव्हा पाटीचा विचार करत बसू नका.

ओळखीची आई असेल तर सोन्याहून पिवळं. बॅचमधल्या एखाद्या आईशी आधीच बोलून ठेवा, तिची मुलगी आणि तुमची मुलगी एकत्र जातील, आणि तिचा मुलगा तुमच्यासोबत. आमच्या बॅचमध्ये तीन घरांनी असं केलं होतं आणि दोन महिने कोणाला काही अडचण आली नाही. पण यात मदत कुठपर्यंत ते ठरवा: बरोबर जाणं, केबिनबाहेर थांबणं, पिशवी धरणं. अंग पुसणं, कपडे काढणं नाही.

मुलांना सांगायच्या गोष्टी थोड्या आणि रोजच्या सुरात, घाबरवून नाही. तुझे कपडे तूच बदलायचे, कोणी मदत करू का म्हटलं तर "नको, मला येतं" म्हणायचं. आत कोणाच्याही हातात मोबाईल दिसला तर बदलायचं थांबवून बाहेर यायचं, टॉवेलवर आलं तरी चालेल. कोणी हात लावला, कोणी काही दाखवलं, कोणी "घरी सांगू नको" म्हटलं तर लगेच सांगायचं, आपण रागावणार नाही. दार अडकलं तर रडत बसायचं नाही, दार वाजवायचं आणि ओरडायचं.

मुलग्यांच्या बाबतीत आपण जास्त ढिले असतो. "मुलगा आहे, त्याला काय होतंय." केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालशोषणावरचा देशभरातला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण झाल्याचं सांगितलं आणि त्यांच्यात मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदाही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, १८ च्या खालचं प्रत्येक मूल त्यात येतं. म्हणून वरची सगळी वाक्यं मुलालाही तितक्याच गंभीरपणे सांगा.

मूल मोठं आहे पण मदत लागते

सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा इतर काही कारणाने बारा-चौदा वर्षांच्या मुलालाही कपडे बदलायला आई लागते, अशी घरं खूप आहेत आणि पाण्यात या मुलांना फार मोकळं वाटतं, तेव्हा चेंजिंग रूमपायी त्यांचं पोहणं सुटणं मला अजिबात पटत नाही. इथे वयाचा नियम लावून उपयोग नाही, वेगळी जागा आणि वेगळी वेळ लागते.

आधी मॅनेजरला भेटा, मुलाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असेल तर कॉपी द्या, आणि नेमकं काय लागतं ते सांगा: "माझा मुलगा चौदाचा आहे, त्याला बदलायला मीच लागते, मला बंद दाराची खोली वीस मिनिटं हवी आहे." दिव्यांगांसाठीची टॉयलेट-खोली असेल तर ती पहिला पर्याय. नसेल तर दोन बॅचच्या मधली पंधरा-वीस मिनिटं मागा, तेव्हा एक बाजू रिकामी करून दारात अटेंडंट उभा करता येतो. हे एकदा लिहून घेतलं की रोज नव्या माणसाला समजवावं लागत नाही. आणि आपण बाकीच्यांनी ती खोली सोयीची आहे म्हणून अडवू नये, बाबा-लेकीला वापरायची असेल तर आधी बाहेर कोणी थांबलंय का बघावं आणि पटकन मोकळी करावी.

तलाव सोडून इतर ठिकाणी

दुकानातल्या ट्रायल रूम सोप्या, एकेकट्या केबिन असतात, बाहेर उभे राहा. वॉटर पार्कला मात्र गर्दी भयंकर, तिथे सकाळी उघडताना आणि बंद व्हायच्या एक तास आधी बदललं तर केबिन मिळते. दापोलीजवळच्या उन्हवऱ्यासारख्या गरम पाण्याच्या कुंडांवर बायका-पुरुषांची कुंडं वेगळी असतात, तिथे वर सांगितलेलेच निकष लावा, आणि टॉवेलचा तंबू न्याच. नाशिकला रामकुंडावर किंवा पंढरपूरला चंद्रभागेवर पर्वणीच्या गर्दीत तर मुलाला एकट्याला आडोशामागे पाठवूच नका, हरवायची भीती जास्त आहे, तिथे घाटावरच तंबूत बदला. युकेमध्ये राहणाऱ्यांसाठी: बुकिंग करताना 'व्हिलेज चेंजिंग' आहे का बघा, म्हणजे सगळ्यांची एकच रूम आणि प्रत्येकाला दाराची केबिन, तिथे हा प्रश्नच उरत नाही.

काही चुकीचं घडलंच तर

कोणी आत फोटो काढताना दिसलं तर मोबाईल हिसकावायला जाऊ नका, मारामारीत पुरावाच पुसला जातो. मॅनेजरला बोलवा, त्या माणसाला थांबवून ठेवायला सांगा, ११२ ला फोन करा. बाईचा अशा वेळी फोटो काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि आयटी कायद्याचं कलम ६६ ई कोणाच्याही, म्हणजे पुरुषाच्या आणि मुलाच्याही, खाजगी अंगाचा परवानगीशिवाय फोटो काढण्याला लागू होतं. लहान मुलाच्या बाबतीत पॉक्सोही लागतो. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाईन फुकट आहे आणि २४ तास चालते. पॉक्सोखालचा गुन्हा माहीत असून कळवला नाही तर तोही गुन्हाच, त्यामुळे "आमच्या तलावाचं नाव खराब होईल" म्हणून कोणी मिटवायला बघत असेल तर ऐकू नका.

शेवटची पायरी: एक केबिन मागा

हे मी तिसऱ्या वर्षी केलं, पहिल्याच वर्षी करायला हवं होतं. सात पालकांच्या सह्यांचं अर्ध्या पानाचं पत्र दिलं. त्यात तक्रार एकही नव्हती, फक्त मागणी: दोन्ही हॉलच्या बाहेर, पॅसेजमध्ये, चार बाय चार फुटांची एक जागा, त्यावर 'पालक आणि मूल' अशी पाटी. नवीन बांधकाम नको, दोन बाजूंना भिंत आहेच, उरलेल्या दोन बाजूंना छताखाली नळी टाकून जाड ताडपत्रीचा पडदा, जमिनीपासून सहा इंच वर, म्हणजे आत कोणी आहे का ते पायावरून दिसतं आणि पाणी साचत नाही. आत दोन हुका, एक मुलाच्या उंचीवर आणि एक मोठ्यांच्या, एक प्लास्टिकचं स्टूल, पायाखाली रबरी जाळीची मॅट. पैसे आम्ही द्यायला तयार होतो, पण तलावानेच केलं, महिन्याभरात. पडदा घेताना फिक्या रंगाचा घेऊ नका, मागून उजेड आला की आतली सावली दिसते, आमचा पहिला पडदा त्याच कारणाने बदलावा लागला.